रबराची नळी आणि वहिनीच्या बांगड्या

वहिनी सोंग करते, असं माय म्हणायची. तिनं ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी डोक्यावर घागर घेऊन अंगणात आले होते, आणि मला ते लगेच पटलं. रोवणीचे दिवस होते. घरातल्या प्रत्येक बाईला बांधीतल्या चिखलात वाकायचं होतं, आणि वहिनी मात्र बैलांच्या कोठ्याला लागून असलेल्या खोलीत गोधडीवर बसून. बाळंत होऊन तिला बरेच महिने झाले होते. पोरगा पालथा पडायला लागला होता. इतके दिवस कोण बसून राहतं? मला लहानपणापासून माणसाच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याचा संशय जास्त येतो, आणि वहिनी तर तोंडच उघडत नव्हती.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं. घरात माय, माझे दोन भाऊ आणि मी. बाप मी लहान असतानाच गेला होता. मोठ्या भावाला आम्ही सगळे भाऊच म्हणायचो. त्याची बायको तापानं गेली आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. धाकटा तो दादा, म्हणजे वहिनीचा नवरा. दादाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की माय जे म्हणेल त्यावर तो मान हलवायचा आणि बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा.

वहिनी पहाटेच उठून नाल्याकडे जाते हे माझ्या लक्षात आलं. पाणी भरायला विहीर घराजवळ असताना नाल्यावर कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. एक दिवस उजाडता उजाडता मी तिच्या मागे गेले. कोणाला भेटते, काय लपवते, हे आज बघायचंच असं ठरवूनच गेले होते. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून जुन्या लुगड्याचे तुकडे धूत होती. धुऊन दगडावर आपटायची, नाकाशी नेऊन वास घ्यायची, पुन्हा धुवायची. मला पाहून तिनं ते तुकडे पाठीमागे लपवले, आणि मग लपवून काही उपयोग नाही हे कळून पुन्हा समोर घेतले.

"बाई," ती मला म्हणाली, "मले समजते. आलं हे समजते. पण थांबत नाई. जागेवरून उठेपर्यंत झालेलं रायते."

बाळंतपणात ती दोन दिवस अडली होती. सुइणीनं शेवटी ओढून पोरगा काढला, आणि वहिनी खालून फाटली. जखम वरवर भरली, पण परसाकडची धरून ठेवायची ताकद गेली ती गेलीच. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. वासावरून मायला कळलं होतं, पण मायला ते दुखणं वाटत नव्हतं. आळस आणि घाण, या दोनच शब्दांत मायनं ते बसवलं होतं. वहिनीला चुलीजवळ येऊ द्यायचं नाही, पाण्याच्या गुंडाला हात लावू द्यायचा नाही. मधेच मायला करणीचा संशय आला. शेजारच्या जंगलगावातला पुजारी आणला. त्यानं सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, कोणी काही केलेलं नाही. तर मायला त्या पुजाऱ्याचाच संशय आला. वहिनीच्या बापानं त्याला आधीच भेटून ठेवलं असणार, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि त्याच्यासमोर भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, बोलत नाही. तोंड दाखवत नाही, सावली पडू देत नाही, आणि त्याच्या कानावर आपला आवाज जाऊ देत नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून भाऊनं तिचा आवाज ऐकला नव्हता. पण एका छपराखाली राहायचं तर काही ना काही सांगावं लागतंच. ते काम बांगड्या करायच्या. भाऊ ओसरीत बसलेला असला आणि वहिनीला जायचं असलं, की ती दाराआड उभी राहून हातातल्या काचेच्या बांगड्या वाजवायची. भाऊ उठून भिंतीकडे तोंड करायचा. ती गेली की पुन्हा बसायचा. जेवण झालं, बांगड्या. भात आणखी पाहिजे का, बांगड्या. नको असला तर भाऊ ताटावर हात आडवा धरायचा. कोणी याला बोलणं म्हणत नव्हतं, पण एक कोंबडं कमी आहे हेसुद्धा तिनं त्याला एकदा बांगड्या वाजवून सांगितलं होतं, ते मी पाहिलं आहे.

भाऊ स्वतः फार बोलणारा नव्हता. त्याचं सगळं बोलणं दोन शब्दांत व्हायचं, हव आणि नाई. म्हणूनच त्या दुपारी त्यातला एकच शब्द मी ऐकला आणि मला तो पुरला. माय आणि भाऊ धानाच्या ढोलीपाशी बसले होते, मी पलीकडे सुपात कणी पाखडत होते.

"चांद्याच्या दवाखान्यात ने एकडाव," माय म्हणाली. "डाक्टर नाई म्हणते का हव म्हणते ते आयक. नाई म्हटलं का तसाच मूलच्या रस्त्यानं जा अन् पोरीले तिच्या मायबापाजवळ सोड. पोट्टा इथी आण. मी दुसरी पोरगी पाहून ठेवली हाये."

"हव," भाऊ म्हणाला.

माझं सूप हातातच राहिलं. मूल गावाकडे वहिनीचं माहेर होतं. म्हणजे दवाखाना हा नुसता देखावा. चारचौघांत सांगायला डॉक्टरचा शब्द हवा, म्हणून न्यायचं. वहिनीला काढायचं आणि पोराला ठेवून घ्यायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि भाऊ त्याला हव म्हणाला होता. मला भाऊचा इतका राग आला की त्या दिवशी त्याला पाणी द्यायलाही मी गेले नाही. पण दादाच्यानं हे होणार नाही म्हणून भाऊला, आणि बरोबर बाई माणूस पाहिजे म्हणून मलाच पाठवायचं ठरलं, तेव्हा मी एका शब्दानं आडवी आले नाही. माझ्या डोळ्यांसमोर काय होईल ते होईल, पण डोळ्यांमागे काही होऊ देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं.

वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, बरं करायला नेत आहेत. बंडीत बसताना तिनं खाली जुनी घोंगडी, तिच्यावर लुगड्याच्या घड्या, असं सगळं नीट लावून घेतलं. भाऊ पुढे बैल हाकत, आम्ही मागे बांबूच्या ताटव्याआड. वाटेत तिला उतरायचं असलं की बांगड्या वाजायच्या आणि भाऊ बंडी थांबवून, मागे न बघता, बैलांच्या पुढे चालत जाऊन उभा राहायचा. कितीदा थांबला असेल. एकदाही त्यानं तोंड वाकडं केलं नाही, आणि मला त्याचाही संशय आला. ज्याला सोडूनच यायचं आहे त्याच्याशी माणूस असाच चांगला वागतो, असं मी स्वतःला सांगत होते.

चांद्याचा दवाखाना शहराच्या परकोटाच्या आत होता. बैठी लांब इमारत, पुढे ओटा, ओट्यावर भिंतीला लावलेला बाक. डॉक्टर तरुण होता, चष्म्याचा, नागपुराकडून आलेला. त्यानं वहिनीचं ऐकलं नाही, कारण वहिनी बोललीच नाही. बाकावर भाऊ होता ना. सगळं मी सांगितलं. मी सांगताना डॉक्टर माझ्याकडे न बघता वहिनीच्या पदराकडे बघत होता. मग त्यानं आम्हा दोघींना आत नेलं.

आत जे होतं तसलं मी कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर एक लाकडी फळी उभी केलेली, तिच्यावर वाकवलेली काचेची नळी, नळीत लाल पाणी, बाजूला शाईनं मारलेल्या रेघा. त्या काचेला लांब रबराची नळी जोडलेली, आणि नळीच्या टोकाला बांधलेलं रबरी हातमोज्याचं एक कापलेलं बोट. शेजारी ही एवढी मोठी पिचकारी. तिथे एक नर्सबाई होती, तिला मी विचारलं, हे लाल कोणाचं रगत आहे? ती म्हणाली, रंग आहे, नुसतं पाणी दिसत नाही म्हणून घातला. तिच्या सांगण्यावर माझा विश्वास बसला नाही.

डॉक्टरनं मात्र नीट समजावून सांगितलं, हे त्याचं खरं. तो म्हणाला, "बाहेर पडायच्या जागी मांसाचं एक कडं असतं. आपण आवळतो ते तेच. बाळंतपणात यांचं कडं फाटलं असणार. किती फाटलंय, किती उरलंय, ते मी बोटानं तपासीन आणि या काचेवर बघीन. आत हा छोटा फुगा ठेवायचा. यांनी आवळलं की पाणी वर चढेल. पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. फुग्यात मी थोडीथोडी हवा भरीन. आत काहीतरी आलं, हे यांना कळलं पाहिजे. कळलं की त्यांनी हो म्हणायचं. कळत असेल तर मी कडं शिवीन. कळतच नसेल तर शिवून काही होणार नाही, उगाच कापाकापी होईल."

"तिले कळते," मी म्हणाले. "तिनं मले सांगतलं हाये."

"बघू," डॉक्टर म्हणाला.

हा बघू मला आवडला नाही. तेवढ्यात पोरगा भोकाड पसरून रडायला लागला आणि नर्सबाईनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी ओट्यावर आले. बाक बरोबर त्या खोलीच्या खिडकीखाली होता. खिडकीला झडप नव्हती, नुसता हिरवा पडदा. आतला डॉक्टरचा आवाज, चिमटा ताटलीत पडल्याचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. भाऊ बाकाच्या टोकाला बसला होता, पागोटं मांडीवर ठेवून.

आतून डॉक्टरचा आवाज आला, "आता आवळा. जोरात. बस. सोडा." मग थोडा वेळ शांतता. मग, "आता मी हवा भरतो. कळलं की हो म्हणा." पुन्हा शांतता. पोराला मी खांद्यावर थोपटत होते, पण कान आतच होते. वहिनी काही बोलेना. डॉक्टर म्हणाला, "काही कळलं? नाही? बरं, आणखी थोडी." पुन्हा काही नाही. नर्सबाई मधेच खेकसली, "हात हलवू नको ग. काही होत नाही तुला."

आणि इकडे भाऊचं काय चाललं होतं! बसायचा, मधेच उठायचा, भिंतीकडे तोंड करायचा, पुन्हा बसायचा. जरा वेळानं पुन्हा तेच. मला राग आलेला असतानासुद्धा हसू आलं. मनात म्हटलं, डॉक्टरला सांगून याचीही तपासणी करून घ्यावी, यालाही काहीतरी झालंय. मग वाटलं, मनात पाप आहे म्हणून याला एका जागी बसवत नाही.

वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी आधी पाहिला. ती लाजेनं मेली असेल, रडत असेल, असं मला वाटलं होतं. पण पदराआड ती जवळजवळ हसत होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बरोबर झालं बाई. बारीकशा फुग्याचं पण मले समजलं." आणि पोराला घेऊन बंडीकडे गेली.

पाठोपाठ डॉक्टर आला. भाऊसमोर उभा राहिला आणि चष्मा पुसत म्हणाला, "एका बाजूचं कडं शाबूत आहे, शिवता आलं असतं. पण आतलं काहीच कळत नाही त्यांना. फुगा मोठा केला तरी उत्तर नाही. मला वाईट वाटतं, पण हे ऑपरेशन मी करणार नाही. स्वच्छता ठेवा, कपडा वापरा."

माझ्या अंगातून आग निघाली. एकजण खोटं बोलत होता. वहिनी म्हणते कळलं, डॉक्टर म्हणतो कळलं नाही. मग खोटं कोण? मी डॉक्टरला तोंडावर म्हणाले, तुम्हाला आमच्या घरून कोणी काही सांगितलंय का? डॉक्टरला माझा प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "बाई, अनेकांना वाटतं की कळतंय. कपडा ओला झाल्यावर कळतं, तेव्हा त्यांना वाटतं आधीच कळलं होतं. म्हणूनच तर तपासावं लागतं." मी भाऊकडे बघितलं. तू तरी काही बोल, असं बघितलं. भाऊ डॉक्टरला म्हणाला, "हव." पागोटं बांधलं आणि बैल सोडून आणायला गेला.

मी त्याच्या मागे गेले. "कोणच्या रस्त्यानं जाऊन राह्यलो आपण?" मी विचारलं. "गोंडपिपरीच्या का मूलच्या?"

त्यानं एक बैल जुवाखाली आणला, शिवळेची खुंटी घातली. वहिनी बंडीत चढून घड्या लावत होती, पोराची कुंची नीट करत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. मी तिला सांगायचं का, आता सांगायचं का मूलच्या फाट्यावर, याच विचारात उभी होते. तिनं पोराला मांडीवर घेताना तिच्या बांगड्या वाजल्या.

भाऊ दुसऱ्या बैलाचा कासरा हातात धरून तसाच उभा राहिला. भिंतीकडे वळायचं तर समोर भिंत नव्हती, तो बैलाकडेच वळला. मग मला म्हणाला, "आत बांगड्या कायले वाजवत होती ते?"

"हात हालवून राह्यली होती म्हणते नर्स. भेली असंन."

"नाई," भाऊ म्हणाला. "हात नोती हालवत ते. सांगत होती. डाक्टर पुसे, अन् ते सांगे. मी दरवेळेस उठलो."

पोराच्या रडण्यात मला बांगड्या ऐकूच आल्या नव्हत्या, आणि आल्या असत्या तरी मी काय समजणार होते? त्या बांगड्यांची भाषा माझ्यासाठी नव्हतीच. ती एकट्या भाऊसाठी होती. वहिनीनं आत अगदी नीट, प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. खिडकीखाली भासरा बसलेला, म्हणून आवाज काढला नाही. आणि घरात सगळ्यांना कळतं ते डॉक्टरला कळत नसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

भाऊनं शिवळ काढली, बैल मोकळा केला आणि तसाच दवाखान्याकडे चालू लागला. डॉक्टर जेवायला निघाला होता. भाऊनं त्याच्या वाटेत उभं राहून आयुष्यात कधी बोलला नसेल इतकं बोलून टाकलं. "मी इथून दूर जातो साहेब. मी असलो का ते बोलणार नाई. तुमी पुन्हा पुसा तिले. पहिले पुसलं तवाबी तिनं बांगड्या वाजवून सांगतलं, ते मी आयकलं हाये."

डॉक्टरनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मला संशयी माणूस ओळखायला वेळ लागत नाही. त्याला वाटलं, यांना ऑपरेशन हवंय, आता हे तिला पढवणार. तरी तो म्हणाला, "बांगड्या मीही ऐकल्या. मला वाटलं, घाबरलीय. उद्या सकाळी बघतो. पण उत्तर तिचं तिनं द्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मग तिथून मला म्हणाला, "एवढं दूर पुरते का?" मी वहिनीला विचारायला आत गेले. वहिनीनं नाही म्हणून मान हलवली. भाऊ रस्त्याच्या टोकाला गेला. वहिनीनं पुन्हा मान हलवली. शेवटी तो परकोटाच्या दरवाज्याबाहेर निघून गेला, आणि तो खरंच गेला हे मी दोनदा बाहेर येऊन पाहिलं, तेव्हा कुठे वहिनी टेबलावर चढली. आदल्या दिवसाचं सगळं मी तिला सांगून टाकलं होतं, मायचं बोलणंसुद्धा. दडवून काय मिळणार होतं? आता तिला माहीत होतं, की या रबराच्या नळीवर तिचं पोरगं टांगलेलं आहे.

या वेळी मी बाहेर जायला नकार दिला. पोरगा मांडीवर झोपला होता. वहिनी कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. अंगावर चादर. डॉक्टरनं फुगा आत ठेवला. तिला आवळायला सांगितलं, आणि त्या काचेतलं लाल पाणी थरथरत थोडं वर चढलं. फार नाही, पण चढलं. मी त्या पाण्याकडे अशी बघत होते की नर्सबाई म्हणाली, "डोळ्यांनी ओढू नको त्याला." त्या दिवशी मला ती पहिल्यांदा माणसासारखी वाटली.

मग डॉक्टरनं पिचकारी नळीला लावली. "आता भरतो. कळलं की हो म्हणा," तो म्हणाला, आणि दट्ट्या दाबला. पण त्याच वेळी डाव्या हाताच्या चिमटीत त्यानं रबराची नळी घट्ट मुडपून धरली होती. हवा आत जाणारच नव्हती. मी ते पाहिलं. तो आम्हाला पारखत होता. पढवलेली असेल तर आता ती हव म्हणेल, आणि सगळं संपेल. वहिनीची पाठ माझ्याकडे होती. मला तिला हात लावता येत नव्हता, खोकता येत नव्हतं, कारण नर्सबाईचे डोळे माझ्यावरच होते. मला त्या डॉक्टरचा इतका संताप आला, की पुढे कितीतरी वर्षं चांद्याचं नाव निघालं की मला ती चिमटीच आठवायची.

"कळलं का?" डॉक्टरनं विचारलं.

वहिनी गप्प.

"काहीच नाही?"

"नाई," वहिनी म्हणाली. तिचा आवाज असा स्पष्ट आणि मोठा असेल, असं मला वाटलं नव्हतं. घरात तर ती कुजबुजायची.

डॉक्टरनं दट्ट्या मागे घेऊन चिमटी सोडली. काही न सांगता, न विचारता, दट्ट्या अगदी केसभर पुढे सरकवला. माझं लक्ष त्याच्या हातावर होतं म्हणून मला कळलं, नाहीतर कळलं नसतं.

"हव!" वहिनी म्हणाली. "आलं."

डॉक्टरनं हवा काढून घेतली. "गेलं," ती म्हणाली. त्यानं पुन्हा चिमटी धरली, पुन्हा सोडली, उलटंसुलटं कितीदा केलं. ती एकदाही चुकली नाही. शेवटी शेवटी तर तिचा आवाज इतका चढला, की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. डॉक्टरनं पिचकारी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच काही न विचारता तिच्याशी, तिच्या पाठीशी का होईना, बोलला. "तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळतंय," तो म्हणाला. "शिवू आपण."

वहिनीनं चादर तोंडावर ओढून घेतली आणि रडली. मीही रडले. पोरगा जागा होऊन आम्हा दोघींकडे बघत राहिला.

ऑपरेशन झालं. आम्ही पुष्कळ दिवस तिथेच राहिलो, भाऊ मधे जाऊन घर बघून आला. वहिनी अगदी पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. पोट बिघडलं की तिला धावावं लागायचं, आणि हसताना ती नेहमी आधी जरा सावरून बसायची. पण नाल्यावर जाणं बंद झालं. पुढच्या वर्षी ती रोवणीत आमच्या ओळीत होती. मायनं तिला चुलीजवळ येऊ दिलं ते मात्र लगेच नाही. महिना-दीड महिना ती रोज वहिनीच्या मागे जाऊन वास घ्यायची. ती दुसरी पोरगी कोणाची होती, ते मायनं मरेपर्यंत सांगितलं नाही.

भाऊबद्दल माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली आहे. बाकावर त्यानं बांगड्या ऐकल्या. दरवेळी उठला. तिथल्या तिथे त्याला कळलं नाही, हे मी मानते. सवयीनं उठला असेल. पण डॉक्टर बोलून गेल्यावर, हव म्हटल्यावर, बैल आणून शिवळ घालेपर्यंत त्याच्या मनात काय चाललं होतं? त्याला तेव्हाच कळलं होतं का, आणि मायला दिलेला शब्द आणि ते कळणं यांच्यामध्ये तो उभा होता? मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हव म्हणाला असता किंवा नाई, आणि दोन्हीवर माझा विश्वास बसला नसता.

पण चांद्याहून परत आल्यावरची पहिली सकाळ मी सांगू शकते. भाऊ ओसरीत बसला होता, माय उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. वहिनीला पोराला घेऊन अंगणात जायचं होतं. ती दाराआड उभी राहिली आणि तिनं नेहमीसारख्या बांगड्या वाजवल्या. भाऊ उठला, त्यानं भिंतीकडे तोंड केलं. आणि भिंतीकडे बघतच, मोठ्यानं म्हणाला, "हव."

मायचा हात तांदळात थांबला. वहिनी दाराआड तशीच उभी राहिली, बाहेर यायचं विसरून. मग तिनं पुन्हा एकदा बांगड्या वाजवल्या, कशासाठी ते मला कळलं नाही. भाऊनं पुन्हा उत्तर दिलं. त्यानंतर भाऊ असेपर्यंत दोघं एकमेकांशी दुसरं एक अक्षर बोलले नाहीत, पण तिच्या बांगड्या वाजल्या आणि त्यानं हव म्हटलं नाही, असं त्या घरात पुन्हा कधी झालं नाही.